तपासणीच्या दिवशीची आवराआवर

सरकारची बाई घर बघायला येणार हे कळल्यावर ग्लेनिस हॅगर्टीने पहिलं काम काय केलं, तर न्हाणीघराच्या खिडकीच्या काचा पुसल्या. बाईला काचांशी काही देणंघेणं नव्हतं. ती येणार होती नेव्हिलला बघायला. लस घेतल्यावर थोड्याच दिवसांत ज्याचे पाय गेले तो नेव्हिल घरात कसा उठतो, कसा बसतो, त्याला दिवसाकाठी किती मदत लागते, हे बघून ती कागद करणार होती. त्या कागदावर ठरणार होतं की सकाळ-संध्याकाळ पगारी मदतनीस मिळतो का, पलंगाशेजारी माणूस उचलायचं यंत्र बसतं का. नाही मिळालं, तर नेव्हिलला तासाभराच्या अंतरावरच्या वृद्धाश्रमात ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. डॉक्टरांनी ग्लेनिसला तसं स्पष्ट सांगितलं होतं. नेव्हिलला तिने ते सांगितलं नव्हतं.

इथवर यायलाच तीन-चार वर्षं गेली होती. पहिल्यांदा राजधानीतल्या, म्हणजे कॅनबेराच्या सरकारी ऑफिसला खात्री हवी होती, की हे लसीमुळेच झालं. मेलबर्नच्या मोठ्या डॉक्टरने लिहून दिलं की होय, अशी केस लाखांत एखादी होते, शरीर आपल्याच नसांवर उलटतं, आणि ही तीच आहे. ते पत्र ऑफिसात कुठेतरी गडप झालं. मग दुसरं. मग फाईल बघणारा माणूस बदलला. मग नवीन माणसाला पहिल्यापासून सगळं. "हो, हॅगर्टी. मध्ये दोन जी," हे ग्लेनिसने फोनवर इतक्यांदा सांगितलं होतं, की झोपेत कुणी हाक मारली तरी तिने तेच उत्तर दिलं असतं.

गावात तर वेगळीच पंचाईत. नेव्हिल गावच्या अग्निशमन दलाचा कप्तान, तोही बिनपगारी. वणवा लागला की हातातलं काम टाकून धावणारा. लस आली तेव्हा फुटबॉल क्लबच्या हॉलमध्ये रांगेत पहिला उभा राहिला, आणि जे कुरकुरत होते त्यांच्या दारात जाऊन त्यांनाही घेऊन आला. त्याचे पाय गेल्यावर लसीविरुद्ध बोलणारे काही लोक पाट्या घेऊन घरी आले. तुझा फोटो दे म्हणाले, मोर्चात नाचवायला. नेव्हिलने त्यांना चहा पाजला आणि फोटो दिला नाही. दुसरीकडे, ज्यांच्याशी तीस वर्षांचा घरोबा ते दुकानात ग्लेनिसला बघून ब्रेडच्या मांडणीमागे वळायला लागले, कारण तिच्याशी बोलायचं म्हणजे लसीबद्दल बोलावं लागेल, आणि त्यांना कुणाचीच बाजू घ्यायची नव्हती. ग्लेनिसला दोन्हींचा कंटाळा आला होता. तिला बाजू नको होती, तिला मदतनीस हवा होता.

लसीमुळे झालं हे ऑफिसने अखेर मान्य केलं, तेव्हा ते पत्र तिने रस्त्यालगतच्या टपालपेटीपाशी उभ्या-उभ्याच वाचलं. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. घरात जाऊन तिने बटाटे सोलायला घेतले.

आणि आता ही शेवटची पायरी. त्या दिवशी सकाळी नेव्हिलची दाढी करता करता तिने विषय काढला.

"नेव्ह, ती विचारेल ते खरंखरं सांगायचं."

"मी खोटं कधी बोललो?"

"त्या मेलबर्नच्या डॉक्टरने कसं वाटतंय विचारलं, तर काय म्हणालास?"

"तक्रार नाही म्हणालो."

"आणि त्याने तेच लिहिलं. रुग्णाची तक्रार नाही. ते पान कॅनबेराला गेलं आणि त्यावरून त्यांनी आपला अख्खा हिवाळा खाल्ला."

"मग काय सांगायला हवं होतं? एवढा मोठा डॉक्टर. त्याच्याकडे मेलेली माणसं येतात."

"मेलेली येत नाहीत, नेव्ह."

"जवळपास तशीच. हनुवटीखाली राहिलंय बघ, म्हातारे."

तिने हनुवटीखाली वस्तरा फिरवला. उजवा हात वर करताना खांद्यातून कळ गेली, तशी तिने मान वळवून नळ सोडल्यासारखं केलं. ईस्टरमध्ये त्याला पलंगावरून उचलताना खांद्यात काहीतरी तुटलं होतं. तेव्हापासून ही कळ तिच्या सोबतीला होती. नेव्हिलने विचारलं तर ती म्हणायची, जरा आखडलाय.

मग सुरू झाली आवराआवर. शेजारचा कॉलिन, ज्याने हॅगर्टींच्या गाई भाड्याने चालवायला घेतल्या होत्या आणि जो त्यांच्याच गोठ्यात दोन्ही वेळा दूध काढायचा, तो न सांगता येऊन घराभोवतीचं गवत कापून गेला. त्याच्या बायकोने फळांचा केक धाडला. ग्लेनिसने स्वतः स्कोन, म्हणजे चहासोबतचे छोटे गोडसर पाव, भाजले, साय फेटून ठेवली, घरचा आलुबुखाराचा जॅम काढला. या भागात पाहुणा म्हटलं की असंच. आग विझवायला आलेल्या बंबवाल्यांनासुद्धा हातात काहीतरी दिल्याशिवाय कुणी जाऊ देत नाही.

पण हात एकदा चालायला लागले की ते कुठे थांबतात? झोपायच्या खोलीत कोपऱ्यात नेव्हिलची कमोडची खुर्ची होती, चाकांची. बाईला बोळातून जाताना ती समोरच दिसली असती. ग्लेनिसने ती ढकलत मागच्या दाराने बाहेर नेली आणि वासरांच्या शेडमध्ये ठेवली. मग गादीवरचं रबरी कापड. मग रात्रीची बाटली. मग नेव्हिलच्या कमरेला बांधून त्याला ओढून उभं करायचा रुंद पट्टा. सगळं एकेक करून शेडमध्ये गेलं. चाकाची खुर्ची स्वयंपाकघरात फार जागा अडवत होती म्हणून ती दाराआड गेली. खोलीला धुण्याच्या पावडरीचा वास यायला लागला, खिडकीत फुलं आली. आपण काय करतोय हे तिला खरोखर कळत नव्हतं, हे मी पैजेवर सांगतो. पाहुणी येणार होती, आणि घर पाहुणीजोगं झालं होतं.

नेव्हिलही मागे नव्हता. त्याला ट्रॅकपँट नको होती. लग्नाकार्याची विजार आण म्हणाला, म्हणजे पायांना बांधलेले प्लास्टिकचे आधार दिसणार नाहीत. आणि चामडी बूट.

"बूट चढणार नाहीत त्यावरून."

"चढतात. तू जोर लाव."

तिने जोर लावला. तो वरून "अजून, अजून" म्हणत राहिला आणि ती खाली जमिनीवर बसून ढकलत राहिली. बूट चढले तेव्हा दोघांनाही घाम फुटला होता. मग त्याला उचलून टेबलाशी साध्या लाकडी खुर्चीत बसवलं. तिथे बसलेला नेव्हिल, खरं सांगायचं तर, दिमाखदार दिसत होता. तिला त्याचं लग्नातलं रूप आठवलं आणि तिने त्याच्या खांद्यावरचा केस उचलून टाकला.

बाई आली दुपारी. बाई कसली, पोरगीच होती. लिन फाम नाव, छोट्या गाडीतून मेलबर्नहून एकटीच आलेली, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. ती स्वयंपाकघराच्या दारात आली आणि नेव्हिल हॅगर्टी उभा राहिला.

गेल्या वर्षभरात तो कुणाच्या मदतीशिवाय उभा राहिला नव्हता. टेबलाच्या कडेला दोन्ही हात दाबून, कोपर लावून, कसं जमवलं त्याचं त्यालाच ठाऊक. बाई घरात आल्यावर बसून राहणं त्याच्या रक्तात नव्हतं. ग्लेनिसला त्याच्या बोटांची पांढरी पडलेली पेरं दिसली. लिनला टेबलावरच्या केकमुळे दिसली नाहीत.

"बस पोरी, बस. लांबून आलीस."

तो खुर्चीत जवळजवळ पडलाच, पण हसत. लिनने टॅब्लेट काढला.

"घरातल्या घरात चालता येतं का?"

"थोडंफार."

"आंघोळ?"

"जमतं."

"रात्रीचं उठायला लागतं?"

"या वयात कोणाला लागत नाही?"

लिन हसली. नेव्हिलला तेवढं पुरलं. तिचे आईवडील कुठले, काय करतात सगळं विचारून झालं. त्यांची ब्रेडची बेकरी होती, आणि ती शाळेआधी रोज तिथे काम करायची, हे कळल्यावर तर नेव्हिलने तिला घरचीच करून टाकली. पहाटे उठणाऱ्या माणसांबद्दल त्याला फार आपुलकी.

"आणि लसीबद्दल म्हणशील तर," तो आपणहून म्हणाला, "मला जन्मात कधी लॉटरी लागली नाही. लागली ती ही. पुन्हा रांगेत उभं राहायची वेळ आली तर उभा राहीन. उभं राहता आलं तर."

हे शेवटचं वाक्य इतकं गमतीत म्हटलं गेलं, की तेच खरं होतं हे लिनच्या ध्यानात आलं नाही. तिने घर फिरून पाहिलं. न्हाणीघर लखलखीत. झोपायच्या खोलीत फुलं. परत येऊन ती ग्लेनिसकडे वळली.

"आणि तुम्हाला, मिसेस हॅगर्टी? त्यांचं करताना तुम्हाला किती त्रास होतो?"

इतकी वर्षं कॅनबेराच्या फोनवर ज्या प्रश्नासाठी ती झुरली होती, तो प्रश्न हा. तोंडासमोर, साध्या आवाजात, खुद्द सरकारच्या माणसाने विचारलेला. ग्लेनिसने चहाची किटली उचलली.

"त्रास असा काही नाही गं. सवय झालीये. अजून एक स्कोन घे ना."

लिनने घेतला. थोड्या वेळाने ती निघाली, पलीकडच्या गावात आणखी एक घर बघायचं होतं तिला. दारात तिने ग्लेनिसचा हात हातात घेतला. "फार छान निभावताय तुम्ही दोघं. अशी घरं क्वचित बघायला मिळतात." आणि ग्लेनिसला, काय सांगावं, बरं वाटलं. कोणीतरी येऊन शाबासकी दिली होती. गाडी फाटकाकडे जाईपर्यंत ती हात हलवत उभी राहिली.

"चांगली झाली ना?" आतून नेव्हिलने विचारलं, परीक्षेतून आलेल्या मुलासारखं.

"झाली."

"गोड पोर आहे. म्हातारे, बूट काढ आता. नाही, आधी खुर्ची आण. मला जायचंय, मघापासून धरून ठेवलंय."

खुर्ची आणायला ती मागच्या दाराने वासरांच्या शेडमध्ये गेली. तिथे तिच्या नवऱ्याची कमोडची खुर्ची गवताच्या गासड्यांमध्ये उभी होती, तिच्या पाठीवर रबरी कापड, बैठकीवर बाटली आणि पट्टा, आणि एक वासरू मन लावून तिचं हँडल चाटत होतं. ग्लेनिस बघतच राहिली. ज्या ज्या गोष्टी त्या मुलीने बघायला हव्या होत्या त्या सगळ्या इथे होत्या, एकही विसरली नव्हती. कॅनबेराने नव्हे, कोणा कारकुनाने नव्हे, तिने स्वतःच्या हातांनी आणून ठेवल्या होत्या. नेव्हिलच्या "तक्रार नाही"वर ती अख्खा हिवाळा जळफळली होती. आणि आज विचारलं तेव्हा स्वतः काय बोलली? स्कोन घे.

तिला रडू आलं नाही. ती इतकी दमली होती की रडायलाही काही उरलं नव्हतं. तिने वासराला बाजूला केलं आणि बाहेर पाहिलं.

लिनची गाडी अजून फाटकापाशीच होती. दूध काढायची वेळ झालेली, कॉलिनने रस्त्याला आडवा दोर बांधला होता आणि गाई पलीकडच्या कुरणातून गोठ्याकडे येत होत्या. गाईंना कोणाच्याही पुढच्या भेटीची पर्वा नसते. त्या रवंथ करत, मध्येच थांबून गाडीकडे बघत, सावकाश रस्ता ओलांडत होत्या.

ग्लेनिस निघाली. खुर्ची ढकलतच निघाली, सगळ्या सामानासकट. खडीत चाकं रुतायची, मग ती डाव्या हाताने रेटायची. कॉलिनने तिला येताना पाहिलं, ती काय घेऊन येतेय तेही पाहिलं, आणि लगेच तोंड फिरवून गाईंकडे बघायला लागला. लिनने काच खाली केली.

"काही विसरलं का माझं?"

"माझं विसरलं," ग्लेनिस म्हणाली. तिला दम लागला होता. "हे सगळं आमच्या झोपायच्या खोलीत असतं. तू येणार म्हणून मी लपवलं. का ते विचारू नकोस, मला माहीत नाही. तो चालत नाही. उभा राहत नाही. आज राहिला, कारण तू बाई माणूस. त्याला आंघोळ मी घालते, रात्री तीनदा-चारदा त्याची कूस मी बदलते. या खुर्चीवर मी बसवते."

लिन खुर्चीकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "मिसेस हॅगर्टी, मी जे बघते तेच लिहू शकते. नंतर फाटकाशी येऊन कोणी काय सांगितलं, ते धरत नाहीत. वरच्यांना वाटतं, पैशासाठी बोलतात."

"म्हणून तर म्हणते. परत चल आणि बघ."

"त्यांना चालेल का?"

"नाही चालणार," ग्लेनिस म्हणाली. "चल."

त्या परत आल्या तेव्हा नेव्हिल खुर्चीत नव्हता. वाट बघून बघून त्याने स्वतःच उठायचा प्रयत्न केला होता. तो टेबल आणि भिंतीच्या मधल्या जागेत खाली बसला होता, पाय लांब पसरलेले, चामडी बूट वर आलेले, आणि लग्नाकार्याची विजार मांडीपासून खाली भिजलेली. त्याने आधी ग्लेनिसला पाहिलं, मग तिच्या मागे लिनला. मान खाली घातली. पुन्हा वर केली तेव्हा चेहरा नीट बसवलेला होता.

"काय पोरी, केक न्यायचा राहिला का?"

कोणी हसलं नाही. ग्लेनिसला त्याची इतकी दया आली आणि त्याचा इतका राग आला, की दोन्ही वेगळे करता येईनात.

"हे काय चाललंय?" नेव्हिल आता तिला म्हणाला, हलक्या पण कडक आवाजात. "तिला का आणलंस? मला उचल आधी."

पट्टा तिच्या हातात होता. नेहमीसारखं वाकायचं, तो त्याच्या कमरेभोवती घालायचा, गुडघा टेकवायचा आणि ओढायचं. ती वाकली नाही.

"मला नाही उचलता येत, नेव्ह."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही येत. खांदा गेलाय माझा. ईस्टरपासून."

"आखडलाय म्हणायचीस तू."

"म्हणायचे."

"आणि रोज मला त्याच खांद्याने—"

"मग कोणाच्या?"

बाहेर गाई एकेक करून गोठ्यात शिरत होत्या.

"डॉक्टर म्हणालाय," ग्लेनिस म्हणाली, आता थांबून उपयोग नव्हता, "मदत आली नाही तर तुला वृद्धाश्रमात ठेवायचं. मला ते नकोय. तू घरात हवायस मला. पण मी रोज मरते रे तुला उचलताना. ते मी कुणालाच सांगितलं नाही, तुलाही नाही, हिलाही नाही."

नेव्हिलने हाताने भिजलेल्या विजारीची घडी सरळ केली, जणू ती सरळ होणार होती. मग दाराशी अवघडून उभ्या असलेल्या लिनकडे वळला.

"ते तुझं यंत्र काढ, पोरी. मघाशी मी सांगितलं ते पूस सगळं. लिही, चालता येत नाही. उभं राहता येत नाही, मघाशी राहिलो ती फुशारकी होती. आंघोळ जमत नाही. हे," त्याने मांडीकडे बोट केलं, "हेही जमत नाही, आठवड्यातून एकदा तरी असं होतं. लिहितेस ना?"

"लिहितेय."

"आणि लिही, बायकोला मी झेपत नाही. हे तिने नाही सांगितलं, मी सांगितलं. तसंच लिही."

लिन त्याच्याशेजारी जमिनीवरच बसली आणि लिहायला लागली. ग्लेनिस गोठ्याकडे गेली कॉलिनला बोलवायला, कारण नेव्हिलला उचलायला दोन माणसं लागत होती.